बाप्तिस्मा झाला, आता चालायला लागा

(पुण्यात उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बंधुभगिनींनो, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या दरवर्षी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या तरुणांबरोबर मीही नाना पेठेत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसलो होतो. एक आजी समोर येऊन बसल्या. टाचांना भेगा, चपलेचा अंगठा तुटलेला, तो सुतळीने बांधलेला. मी विचारलं, "आजी, कितवी वारी?" म्हणाल्या, "मोजत न्हाई बाबा. जाऊन यायचं, आन् पुन्यांदा निघायचं."

ते वाक्य मला आजही सोडत नाही. आपल्याला कोणी विचारलं, ख्रिस्ती कधी झालात, की आपण बाप्तिस्म्याची तारीख सांगतो, दृढीकरणाची, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीची, सांगतो. गाडी स्टेशनात लागली, सामान उतरवलं, आता उठायचं कारण नाही, अशा थाटात सांगतो. आणि बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडून पाहा. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्याने मिळालं ते अंत्युखिया या शहरात. त्याच्या आधीपासून त्यांची ओळख होती ती 'त्या मार्गाचे' लोक म्हणून.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं, की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. तो भेटेपर्यंत बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. केवढ्या विदुषी! संस्कृत शास्त्रं मुखोद्गत, आणि त्यांना आठ वर्षं लागली! पण त्या बसून राहिल्या नव्हत्या. त्याच काळात त्या अमेरिकेत फिरल्या, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते दुसऱ्या वर्षी इथे पुण्याला आणलं. मनाला पुरती शांती नव्हती, तरी पाय चालत होते. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. 1922 मध्ये देह ठेवेपर्यंत बाईंचं काम सुटलं नाही.

आता थोडं माझं सांगतो. माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी दर रविवारी उपासनेला यायचो, सगळ्यांबरोबर गीतं म्हणायचो, पण प्रार्थना ओठांवरच सुकून जायची. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या एका ओळीपलीकडे काही सुचत नसे : आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आजची. उद्याची मागायची हिंमतच नव्हती. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना देवाने रानात दिलेलं अन्न, तो मान्ना तरी कसा होता? लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले. चाळीस वर्षं ती माणसं चालली ती रोज सकाळी वेचलेल्या घासावर.

त्या दिवसांत मला लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय आधार झाला. येशूला क्रूसावर मारलंय, आणि त्याचे दोन शिष्य, क्लियपा आणि त्याचा सोबती, यरुशलेमेहून अम्माऊस गावाला निघालेत. सुमारे 11 किलोमीटर. पुणे स्टेशनाहून हडपसर ओलांडून पुढे जावं, एवढं. नीट पाहा, ते यरुशलेम सोडून चाललेत. आशा संपली म्हणून पाठ फिरवून चाललेत. आणि पुन्हा उठलेला प्रभू त्यांना गाठतो कुठे? त्याच वाटेवर. ते त्याला ओळखत नाहीत. 'उलटे फिरा' असं म्हणत नाही. त्यांच्या पावलाला पाऊल लावतो, ऐकून घेतो, शास्त्र उलगडत जातो. गाव आल्यावर ते दोघे आग्रह करतात : आमच्याबरोबर राहा, दिवस उतरला आहे. मग तो भाकर घेतो, आशीर्वाद देऊन मोडतो, त्यांच्या हाती देतो. त्यांना त्याची ओळख पटते आणि तो दिसेनासा होतो.

पाहुण्याला अंधारात पुढे जाऊ नका म्हणणारी ही दोन माणसं. दिवसभर चालून पाय दुखत असतील, भाकर अर्धीच खाल्लेली असेल. त्याच घटकेस ती उठली आणि रात्रीच, त्याच रस्त्याने, पुन्हा यरुशलेमेला निघाली.