आईच्या नावाची शेती, मामाची सही

आधी हे छप्पर बघा, कारण पुढची सगळी भानगड या छपरापायीच झालीय.

वर चढलेल्या माणसांच्या हातात जे काळे काळे जुडगे दिसतायत ना तो इजुक, आरेन नावाचं माडाच्या जातीचं झाड असतं त्याच्या बुंध्यावरून निघणारा राठ धागा. थरावर थर देत तो बांधत जायचा, आणि खरी परीक्षा टोकांना, जिथं छप्पर असं वर वळत जातं तिथं. हे काम येणारे कारागीर आता कमी राहिलेत, त्यामुळे मजुरी जबरदस्त. मागच्या घरावर गंजलेला पत्रा दिसतोय बघा, त्यांनी सोपा मार्ग घेतला, आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळे तोच घेतात. एकदा नीट बांधलेला इजुक मात्र कित्येक दशकं टिकतो.

हा इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राचा तानाह दातार भाग, मिनांगकाबाऊ लोकांचा मूळ मुलुख. समुद्र तिकडे डोंगराच्या पलीकडे राहिला, इथं आहे तो मारापी ज्वालामुखी, सुमारे २,९०० मीटर उंच, आणि त्याच्या राखेनं सुपीक झालेली ही जमीन. भात, मिरची, दालचिनी. आणि या घराला म्हणायचं रुमाह गडांग, मोठं घर. खांब दगडांवर नुसते टेकवलेत, पुरलेले नाहीत, सांधे खुंट्यांनी जोडलेत, त्यामुळे भूकंपात घर हलतं पण सहसा पडत नाही.

घर कुणाचं? आजीचं. म्हणजे आजीच्या आईचं, तिच्या आईचं, असं मागे मागे जात राहायचं. हे लोक मुस्लिम आहेत, पक्के नमाजी, आणि तरीही वडिलोपार्जित शेत आणि घर आईकडून मुलीकडे जातं. आपल्याकडे सही करायला बहिणीला बोलावतात ते हक्कसोडपत्रावर, इथं बहिणीला सोडून जमिनीची गोष्टच सुरू होत नाही.

आत चला. मागच्या बाजूला ओळीनं खोल्या, त्या लग्न झालेल्या मुलींच्या. नव्या जोडप्याला टोकाची खोली, धाकटीचं लग्न झालं की थोरली एकेक खोली स्वयंपाकघराकडे सरकते. मुलग्यांना खोली नाही. पूर्वी सातएक वर्षांचा झाला की पोरगा रात्री झोपायला सुराऊमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरात जायचा, कुराणही तिथंच शिकायचा आणि मारामारीही. नवरा हा पाहुणा. त्याच्यासाठी इथं म्हण आहे, जावई म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की गेली. ऐकून हा समोर बसलेला जावई हसतोय, त्यानं ती लग्नाच्या दिवसापासून ऐकलेली असणार.

आता हे खाचर बघा, इथले लोक सावाह म्हणतात. पाच-सहा बायका मागे मागे सरकत लावणी करतायत, आज हिच्या शेतात उद्या तिच्या, आपल्या भिशीसारखी पाळी लावून. पिवळा रुमाल बांधलेली जी आहे ती या घरातली थोरली. हे खाचर तिच्या वाट्याला आलेलं आहे, पण सध्या ते गहाण आहे, आणि गहाण असूनही ती तेच कसतेय. गोंधळ वाटतो ना, आम्हालाही दोन वेळा विचारावं लागलं.

तर असं. वाडवडिलांची ही जमीन, हिला म्हणतात हार्ता पुसाका तिंगी, विकायची नाही. गहाणसुद्धा ठेवायची नाही, अपवाद फक्त चार. घरात प्रेत पडलंय आणि मातीला पैसे नाहीत. मुलगी मोठी झालीय आणि लग्नाला पैसे नाहीत. वंशाच्या प्रमुखाची रिकामी पडलेली गादी पुन्हा बसवायचीय, त्याचा समारंभ मोठा असतो. आणि चौथं, मोठं घर गळायला लागलंय.

हे घर गळत होतं.

मग बैठक बसते. मालकी बायकांची खरी पण बोलणार मामाक, म्हणजे आईचा भाऊ. तो मालक नाही, त्याला पीक मिळत नाही, पण त्याच्या होकाराशिवाय एक बांधही हलत नाही, आणि बायकांची संमती नसेल तर त्याच्या होकारालाही काही किंमत नाही. सगळ्या बहिणी हो म्हणाल्या पाहिजेत. एक जरी रुसली तरी विषय पुढच्या बैठकीवर.

ठरलं की गहाण होतं ते सोन्यात. रुपियाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत घसरत राहते, सोनं तसं करत नाही, हे शहाणपण या लोकांना कुठल्या बँकेनं शिकवलेलं नाही. हिशोबाचं माप म्हणजे एक अमेह, अडीच ग्रॅम. जितकी अमेह घेतली तितकीच परत द्यायची, वर व्याज नाही. व्याजाऐवजी समोरच्याला, म्हणजे सोनं देणाऱ्याला, पीक. आणि समोरचा शक्यतो आपल्याच कुळातला शोधायचा, म्हणजे जमीन लांब जात नाही. पुष्कळदा तो म्हणतो तूच कस, अर्धं मला दे. म्हणून ही पिवळ्या रुमालवाली स्वतःच्याच शेतात अर्धेलीनं राबतेय. निदान दोन पिकं निघाल्याशिवाय सोडवायला यायचं नाही असा रिवाज, जास्तीत जास्तला मर्यादा नाही, पिढ्यान्‌पिढ्या गहाण राहिलेली खाचरं या भागात आहेत. १९६० चा सरकारी कायदा सांगतो की शेतजमीन सात वर्षं गहाण राहिली की पैसे न घेता मालकाला परत. कायदा जकार्तात झाला, आणि इथं सोनं न देता शेत मागायला जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही.

अंगणातली ही उंच, पायांवर उभी असलेली छोटी घरं म्हणजे रांगकियांग, भाताची कोठारं. दार वर, शिडी लावून चढायचं. पद्धत अशी की एकातलं रोजच्या खाण्याचं, एकातलं विकून जे पिकत नाही ते आणायचं, एक टंचाईसाठी, आणि छोट्यात बियाणं. आता त्यातलं एकच वापरात आहे, बाकीची फोटोत छान येतात.

मुलग्यांना मग काय? त्यांना रस्ता. मेरांताऊ म्हणतात, बाहेर पडायचं, कमवायचं. जकार्तापासून मलेशियापर्यंत पडांगी, म्हणजे इथल्या पडांग शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, जेवणाची जी हॉटेलं दिसतात ना, एका टेबलावर पंधरा बशा मांडणारी, ती यातल्याच पोरांनी उभी केली. देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा याच मुलुखातले. पुरुषानं स्वतः कमावलेलं त्याच्या मुलांनाच जावं, इस्लामी वाटणीप्रमाणे, हे १९५२ मध्ये बुकिटतिंग्गीच्या परिषदेत धर्मपंडित आणि कुळप्रमुखांनी मिळून मान्य केलं. वाडवडिलांचं ते आईकडे, कमावलेलं ते मुलांकडे, असा तोडगा.

आणि हा ऑफिसमधला कागद म्हणजे रांजी, कुळाची वंशावळ, आजीच्या आजीपासून सुरू होते. जमिनीचं सरकारी सर्टिफिकेट काढायचं तर ही लागते, मामाकची सही लागते, नगारीच्या म्हणजे गावच्या रूढी परिषदेचा शिक्का लागतो. सर्टिफिकेटवर नाव कुणाचं घालायचं यावर भावंडांची तोंडं फिरलीत, काही जमिनी एकट्याच्या नावावर होऊन बँकेतही गेल्यात.

छपराचं सोनं अजून फिटायचंय. थोरलीचा भाऊ पेकानबारू शहरात कापडाचं दुकान चालवतो, तोच पाठवेल असं सगळे धरून आहेत, आणि तो पाठवेलही. पैसे त्याच्या दुकानातले, म्हणजे १९५२ च्या हिशोबानं त्याच्या पोरांचे. पण त्या पैशांनी सोडवलेलं खाचर जाईल बहिणीच्या मुलींकडे. त्याची बायको फोनवर याबद्दल काय म्हणते ते आम्ही विचारलं, थोरली म्हणाली, तिच्या आईकडे तिची स्वतःची खाचरं आहेत की.