उलटं आलेलं रीडिंग

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, संत्र्यांच्या साली, ब्युरेटची रांग)

नागपूर, डिसेंबर. आंबिया बहाराची संत्री ठेल्याठेल्यावर रचलेली. बारावीच्या या प्रयोगशाळेत मात्र त्यांचा रस फडक्यातून दोनदा गाळतात, कारण चोथा राहिला की रस मोजून घ्यायची काचनळी, पिपेट, तुंबते.

प्रात्यक्षिकाला 30 गुण. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या खुणांच्या उभ्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं, आणि रंग बदलेपर्यंत किती मिली लागलं ते मोजायचं. त्याची तीन रीडिंग सारखी आली की झाला सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. नाही आली तर? जर्नलमध्ये येतातच. 10.1, 10.1, 10.1. आम्हीही तेच केलं. आता कबूल करायला हरकत नाही.

इथे प्रश्न वर्गातल्या मुलींचाच आहे. रस दिवसभर उन्हात राहिला, तर त्यातलं व्हिटॅमिन सी किती उरतं?

फ्लास्कमध्ये 20 मिली रस, थोडं पाणी, स्टार्च. ब्युरेटमध्ये 0.005 मोलर आयोडिन. व्हिटॅमिन सी आहे तोवर थेंब पडतो नि विरतो. ते संपलं, की पुढच्याच थेंबाला रस काळानिळा. एक मिली आयोडिन म्हणजे 0.88 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी.

(क्लोजअप: ब्युरेट)

इथे काढलेला ताजा रस: 8.1 मिली. ठेल्यावरचा, दिवसभर उन्हात राहिलेला, संध्याकाळी आणलेला: 9.4.

"मॅडम, हे तर उलटं येऊन राहिलं!"

मॅडमना कारण ठाऊक असावं. पण त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात.

"संत्री वेगळी होती ना," एक जण म्हणते. खरंच, फळाफळात फरक असतोच. दुसरी ठेल्यावरचा ग्लास हुंगते. काळं मीठ!

काळ्या मिठाचा तो उकडलेल्या अंड्यासारखा वास सल्फाइडचा, म्हणजे गंधकाच्या संयुगाचा. आणि सल्फाइडही आयोडिन खातं. ब्युरेटला काय, कुणी खाल्लं ते कळत नाही. मग साध्या पाण्यात काळं मीठ, स्टार्च, आयोडिनचा एक थेंब. निळं उमटतं... आणि जातं. दुसऱ्या थेंबालाही जातं.

जर्नलमधलं 9.4 कुणी खोडत नाही. शेजारी पेन्सिलीने लिहितात: मीठ होतं.

उद्यासाठी चार संत्र्यांचा रस एकत्र करायचा, मग दोन बाटल्या. एक फ्रिजमध्ये, एक गच्चीवर. दोन्ही बुचं घट्ट, नाहीतर उन्हातल्या रसातलं पाणी उडायचं नि आकडा पुन्हा फसवायचा. शिवाय ठेल्यावरचा एक ग्लास हवाच.

"भाऊ, मीठ नका टाकू."