चौथा रकाना

[दृश्य: सकाळ. खिडकीतून येणारं ऊन. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला लँडलाइन. रिंग. ती पूर्ण ऐकू द्यावी.]

नाशिकरोड. जेलरोडवरची एक जुनी सोसायटी, दुसरा मजला. साडेदहा वाजलेत, कुकरची दुसरी शिट्टी नुकतीच झालीय. आणि हा फोन.

दिवाणापासून फोनपर्यंत अकरा पावलं. काकूंनी ती मोजलीत. मोबाइलवर त्यांना धड ऐकू येत नाही. कानाला यंत्र आहे, आणि मोबाइल जवळ नेला की ते कुईं करतं. त्यामुळे पुण्याची मुलगी याच फोनवर बोलते. रिंग झाली की काकू उठतात.

[दृश्य: वॉकरची रबरी टोकं, फरशीवर. रिसीव्हर उचलणारा हात.]

फोनवर क्रेडिट कार्ड आहे. दुपारी त्र्यंबक रोडचा प्लॉट असेल, दिवेलागणीला विमा.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका फोनसाठी घाईने उठताना त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. वॉकर तेव्हापासूनचा.

[दृश्य: दोनशे पानी वही. पट्टी लावून आखलेले रकाने. पान उलटतं.]

ही वही काकांची. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. कोरा कागदसुद्धा मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, अशी उभ्या नोकरीची सवय. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ. दुसऱ्यात नंबर, दहाच्या दहा आकडे सुटे सुटे काढलेले. तिसऱ्यात काय विकत होते ते: लोन, प्लॉट, विमा, पुन्हा लोन, पाण्याचं फिल्टर, लोन.

चौथा रकाना सुरुवातीच्या बारा पानांवर कोराच आहे. तो भरायचा कसा, हे काकांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर शूटिंगला निघेपर्यंत आमच्यातल्याही दोघांना नव्हतं.

[दृश्य: काका चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल धरतात. बोट, कीपॅड.]

आधी नोंदणी: जाहिरातीचे फोन नकोत असं कळवणं, म्हणजेच डीएनडी, डू नॉट डिस्टर्ब. मोबाइलवरून १९०९ या नंबरला मेसेज करायचा: इंग्रजीत स्टार्ट, मग जागा सोडून शून्य. काकूंनी इथे मध्येच विचारलं, "अहो, थांबवायचंय ना, मग स्टार्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. सुरू होते ती मनाई, फोन नव्हे. आणि शून्य म्हणजे जाहिरातीचा एकही प्रकार नको. काही प्रकार चालणार असतील तर तेवढे वगळूनही नोंदणी करता येते: बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, असे गट आहेत. लँडलाइनसाठी त्याच फोनवरून १९०९ फिरवायचा आणि पलीकडून जे विचारतील ते सांगायचं. पैसे लागत नाहीत.

काकांनी दोन्ही फोन नोंदवले. वहीत तारखेखाली लाल रेघ आहे ती त्या दिवसाची.

[दृश्य: लाल रेघ. तिच्याखालच्या नोंदी. कॅमेरा सावकाश खाली.]

रेघेखाली नोंदी कमी झाल्या. थांबल्या नाहीत.

इथेच बहुतेक माणसं हात टेकतात. "डीएनडी केलं, काही उपयोग नाही," हे वाक्य आम्ही नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत प्रत्येकाकडून ऐकलं. पण काकांच्या दुसऱ्या रकान्याकडे नीट बघा. रेघेच्या वर काही नंबर १४० ने सुरू होतात. रेघेखाली १४० वाला एकही नाही. सगळे साधे, तुमच्या-माझ्या मोबाइलसारखे दहा आकडी.

१४० म्हणजे रीतसर नोंदणी केलेला टेलिमार्केटर. त्याला फोन लावण्याआधी मनाईची यादी पाहावी लागते. बँकेचे, विम्याचे कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत, अशी सोय केली आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून माल विकायला मुळात परवानगीच नाही. जो तसा विकतो तो यादी बघतच नाही, मग यादीत आपलं नाव असून काय होणार? त्याला थांबवायचा रस्ता एकच, त्याच्या नंबराची तक्रार.

आणि तक्रार म्हणजे ब्लॉक करणं नव्हे. आम्ही हे पुन्हा सांगतो, कारण ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे ब्लॉकच करत होते. ब्लॉक केलं की तो नंबर आपल्यापुरता गप्प होतो आणि शेजारच्या घरात वाजत राहतो.

[दृश्य: टेबलावर एक फाईल. पिवळी पडलेली कात्रणं. काका एकेक बाजूला ठेवतात.]

काकांकडे कात्रणांची फाईल आहे. २००७ सालचं हे: दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, नको असलेल्या फोनांसाठी राष्ट्रीय यादी करणार. तेव्हा नाव होतं डू नॉट कॉल. हे पुढचं, २७ सप्टेंबर २०११. त्या दिवसापासून नवे नियम लागू झाले. एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज, अशी मर्यादाही तेव्हाच आली. दिवाळीच्या शुभेच्छा अडकतील म्हणून लोक चिडले होते आणि पुढे ती दोनशे झाली. हे १९ जुलै २०१८. कोण कुठल्या नावाने जाहिरात पाठवतो, ग्राहकाने कुणाला संमती दिली, याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे मागून गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीत, ठेवायची असं ठरलं. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे हल्ली पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर दिसतं. पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. हेही या साखळीतलंच, अलीकडचं.

आणि हे कात्रण काकांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलंय. १२ फेब्रुवारी २०२५. हे दुरुस्त नियम. यातली तीन वाक्यं त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलीत.

[दृश्य: पेन्सिलीच्या रेघा, जवळून.]

एक: तक्रारीला मुदत आता सात दिवस, पूर्वी तीनच होती. दोन: दहा आकडी नंबराविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी केलेलं असण्याची अट नाही. तिसऱ्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी जमल्या तर कारवाई सुरू व्हायची; आता दहा दिवसांत पाच पुरतात.

पाच. काकांच्या विंगमध्ये सोळा घरं आहेत.

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाची किटली. पाच-सहा ज्येष्ठ, हातात मोबाइल. मागे मुलं क्रिकेट खेळतायत.]

रविवारी सकाळी हे सगळे इथे जमतात. कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त, कुणी रेल्वेतून, दोन शिक्षिका. काका वही उघडतात आणि नंबर मोठ्याने वाचतात. बाकीचे आपापल्या फोनमध्ये शोधतात. "सात-शून्य-चार... हो, आहे माझ्याकडे. शुक्रवारी, अडीच वाजता." "मला पण. मी झोपले होते हो!" फोन करणारा यादी घेऊन बसलेला असतो, यादीत घरं ओळीने असतात. म्हणून एकच नंबर एकाच विंगमध्ये चार-चार घरी सापडतो.

मग मेसेज. ज्या मोबाइलवर फोन आला त्याच मोबाइलवरून, १९०९ लाच. आधी थोडक्यात फोन कशाचा होता ते, मग स्वल्पविराम, तो नंबर, स्वल्पविराम, तारीख. बस. तपशील एवढा असला की तक्रार ग्राह्य धरावीच लागते. शिक्षिकाबाईंनी सगळ्यांसाठी एक नमुना टाइप करून ग्रुपवर टाकलाय, नंबर आणि तारीख तेवढी बदलायची. ज्यांना जमतं ते ट्रायचं डीएनडी ॲप वापरतात. तिथे आलेल्या फोनांच्या यादीतूनच तक्रार करता येते, आकडे चुकायची भीती नाही. लँडलाइनवाल्यांनी कॉलर आयडी घेतलेला असायला हवा. नंबर दिसला नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

[दृश्य: पाच मोबाइल एकापाठोपाठ वाजतात. उत्तराचे मेसेज.]

हा जो मेसेज येतो त्यात तक्रार क्रमांक असतो. काका तो प्रत्येकाकडून मागून घेतात आणि चौथ्या रकान्यात लिहितात. एका नंबरापुढे पाच क्रमांक आले की कडेला छोटी बरोबरची खूण.

पुढचं काम मोबाइल कंपनीचं. पाच दिवसांत कारवाई. पहिल्या वेळी त्या माणसाची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद, पुन्हा सापडला तर सगळ्या जोडण्या वर्षभर बंद आणि नाव काळ्या यादीत.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. पोलीस बोलतोय, पार्सल अडकलंय, खातं गोठवतोय, असं सांगणारा फोन हा विक्रीचा नाही, फसवणुकीचा आहे. त्याची माहिती सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू या सोयीत द्यायची. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

[दृश्य: गंगापूर रोड, गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन. गर्दी. काचेचा डबा, कुपनांनी भरलेला. कुपन भरणारी बाई, कडेवर मूल.]

आपला नंबर यादीवाल्याकडे पोचतो कसा? एक वाट आम्हाला इथे दिसली. कुपन भरा, मिक्सर जिंका. नाव, पत्ता, मोबाइल, लग्नाचा वाढदिवस. आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: आमच्या योजना कळवण्यासाठी संपर्क करण्यास माझी हरकत नाही. आम्ही तासभर उभे होतो, ती ओळ वाचताना एकही जण दिसला नाही. संमती दिली की त्या कंपनीपुरतं डीएनडी आड येत नाही. ती मागे घेता येते, आणि मागे घेतल्यावर नव्वद दिवस पुन्हा मागायची नाही असा नियम आहे. पण डब्यात पडलेलं कुपन परत मिळत नाही. काकूंनीही गेल्या वर्षी असं एक भरलं होतं, मुलीच्या आग्रहाने.

[दृश्य: पुन्हा घर. दुपार. पंखा. काकू दिवाणावर, डोळा लागलेला.]

हे आम्ही ठरवून घेतलेलं नाही. कॅमेरा आवरत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

[दृश्य: काकू जाग्या होतात, हात वॉकरकडे. काकांचा आवाज: "अगं, बस तू. मी बघतो." रिंग चालू. निवेदन थांबावं.]

छोट्या पडद्यावर दहा आकडे. काका रिसीव्हर उचलतात, "कोण बोलतंय, कशाबद्दल?" एवढंच विचारतात, ऐकून घेतात, ठेवतात. वही उघडतात. तारीख. दोन वाजून दहा मिनिटं. नंबर. तिसऱ्या रकान्यात: लोन.

मग त्याच फोनवरून १९०९. सहा मिनिटं लागली. पलीकडचा माणूस आकडे सांगतो, काका ते मोठ्याने परत म्हणतात, आणि काकू दिवाणावरून पेन पुढे करतात.

[दृश्य: चौथा रकाना. पेन. शेवटचा आकडा. आवाज फक्त पंख्याचा.]