अरलचं मीठ, आपली कपाशी

दव सुकलं तशी चोपड्याकडच्या या काळ्या रानात वेचणी सुरू झाली. कमरेला ओटी बांधून बाया सरीतून पुढे सरकताहेत. पोराची फी, पोरीचं लग्न, दुकानाची उधारी, सगळं आमच्याकडे या बोंडांवरच निघतं. म्हणून पुढचं सांगताना जीव तुटतो.

याच पिकापायी एक समुद्र आटला. अरल. नाव समुद्राचं, पण खरं तर वाळवंटातलं तळं, कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या सीमेवरचं. 1960 साली त्याचा विस्तार सुमारे 68 हजार चौरस किलोमीटर होता. जळगाव, धुळे, नंदुरबार एकत्र केले तरी त्यांच्या अडीचपटीहून मोठा.

अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या त्यात येत. बाहेर मात्र एकही नदी जात नसे. पाणी उन्हानं उडायचं, नदीनं आणलेलं मीठ मागे राहायचं. रांजणाला बाहेरून पांढरा थर धरतो ना, तसंच. तरी नद्या भरून येत होत्या तोवर लिटरमागे मीठ 10 ग्रॅमच, आणि त्यात मासळी सुखानं नांदत होती.

मग सोव्हिएत सरकारनं कापसासाठी नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं. काराकुम कालवा तर वाळूतून, अस्तर न घालताच खणला. कितीतरी पाणी शेताला लागण्याआधीच जिरलं. 1987च्या सुमारास तळ्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडे मीठ लिटरमागे 100 ग्रॅमच्या वर गेलं, समुद्राच्या जवळजवळ तिप्पट. मासे संपले. मुयनाक बंदरातली जहाजं वाळूत गंजत उभी राहिली.

शेतंही सुटली नाहीत. निचरा नव्हता, जमिनीखालचं पाणी वर चढलं आणि सोबत मीठ घेऊन आलं. आपल्याकडे पाटाखालचं सखल वावर खारपड होतं, तेव्हा मातीवर अशीच पांढरी पापडी धरते. जिभेला लावा, खारट लागते. तिथले शेतकरी पेरणीआधी वावर पाण्यानं भरून हे मीठ धुतात. म्हणजे तळ्याचं पाणी आधी पिकाला गेलं, आता पिकाच्या पाण्यापायी वर आलेलं मीठ धुवायलाही तेच जातं.

उत्तरेला कझाकस्ताननं 2005 साली कोकअरल बांध पुरा केला. सिर दर्याचं पाणी अडलं, खारटपणा उतरला, मासे परतले, कोळ्यांच्या होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. दक्षिणेचा पूर्वेकडचा भाग मात्र 2014 मध्ये कोरडाठाक पडला. शेतांतून वाहत आलेली कीटकनाशकंही तिथल्याच गाळात बसली आहेत. तिकडेही या दिवसांत वेचणी असते. वारा सुटला की तळाचं मीठ उठतं आणि उमललेल्या बोंडांवर येऊन बसतं.