राऊस सिमन्स: ४४ वर्षं लाकूड वाहिलेली स्कूनर

नमस्कार. आज एका लाकडी जहाजाबद्दल बोलायचंय. नाव राऊस सिमन्स, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावरची तीन डोलकाठ्यांची मालवाहू स्कूनर, म्हणजे शिडांचं जहाज. नेटवर शोधलंत तर सगळीकडे तिच्या बुडण्याचीच गोष्ट मिळेल. तीही सांगते. पण त्याआधी ४४ वर्षं तिने जी हमाली केली, ती ऐका.

सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा येतो. मिशिगनची लांबी आहे जवळजवळ ४९० किलोमीटर. मुंबईहून सरळ दक्षिणेला तेवढं गेलात तर गोवा मागे पडेल. लाटाही समुद्राच्याच तोडीच्या, फक्त पाणी गोडं.

राऊस सिमन्स १८६८ मध्ये मिलवॉकीत बांधली. तीनच वर्षांत शिकागो शहर जळालं. ते पुन्हा उभं करायला पाइनचं लाकूड हवं होतं, आणि ते सरोवरापलीकडच्या मिशिगन राज्याच्या जंगलांत होतं. तिथल्याच मस्केगॉन गावचे लाकूडव्यापारी चार्ल्स हॅकली यांनी पुढे बरीच वर्षं तिला या फेऱ्यांना जुंपलं. वसंतात बर्फ वितळला की सुरुवात, आणि बंदरं गोठली की मुक्काम.

माल चढवणं-उतरवणं हातानंच. एकेक फळी! खालचा वर सरकवतो, डेकवरचा धरतो, धक्क्यावरचा थप्पी लावतो. आतली जागा भरली की डेकवरही थप्पी.

आता माझ्या हातातली ही पट्टी बघा. बंदरं उथळ, म्हणून या स्कूनरचा तळ चपटा ठेवायचे. पण चपटा तळ वाऱ्याबरोबर आडवा घसरतो. मग तळाच्या मध्यावर एक लांब फट, आणि तिच्यातून ही अशी जाड फळी खाली सोडायची. खोल पाण्यात खाली, बंदरात वर. मला ही युक्ती फार आवडते. शिडंही बहुतेक डेकवरूनच ओढता यायची, त्यामुळे सात-आठ माणसांत जहाज चालायचं.

आणखी एक. पावसाचं पाणी मुरून लाकूड कुजू नये म्हणून सांगाड्याच्या पोकळ्यांत मीठ भरायचे. आपण कैरी टिकवतो, तसं जहाज टिकवायचे!

पुढे आगबोटी आणि रेल्वे आल्या. चांगला माल तिकडे गेला, जुन्या स्कूनरच्या वाट्याला उरलंसुरलं. त्यातलंच एक काम म्हणजे नाताळची झाडं. कप्तान हर्मन श्यूनेमन ती उत्तरेकडून आणून शिकागोत क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी थेट जहाजावरून विकायचे.

२२ नोव्हेंबर १९१२ ला हजारो झाडं लादून ती सरोवराच्या उत्तर टोकाच्या थॉम्पसन बंदरातून निघाली. दुसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या केवॉनीच्या बचाव ठाण्याला ती लांबून दिसली, निशाण अर्ध्यावर उतरवलेलं, म्हणजे मदतीची हाक. त्याच किनाऱ्यावरच्या टू रिव्हर्स गावाहून बचावनौका निघाली, पण वादळात जहाज सापडलं नाही. कुणीही वाचलं नाही. ते चव्वेचाळीस वर्षांचं लाकूड होतं, त्यावर डेकभर ओझं आणि नोव्हेंबरचं वादळ.

१९२४ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं, मेणकापडात गुंडाळलेलं. त्यांची बायको बार्बरा आणि मुलींनी मात्र झाडांचा धंदा सोडला नाही.

१९७१ मध्ये एक पाणबुड्या सुमारे १६५ फूट खाली पोचला. जहाज तळावर सरळ बसलेलं होतं. कोकणच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे त्या गार गोड्या पाण्यात नसतात. आतली झाडं रचली होती तशीच होती, आणि काहींवर सुयांसारखी पानंसुद्धा होती.