डिमर घ्यायच्या आधी बल्बचं खोकं उलटून पाहा

(दृश्य: संध्याकाळ. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटची बैठक. छतात १२ वॉटचे सहा पॅनल लाइट. मोबाइलवर बोट खाली सरकतं. तीन दिवे मंद होतात, दोन फडफडतात, एक तसाच लख्ख जळत राहतो.)

सहाही दिवे एकाच दुकानातले. डिमर (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र) नवा, वायरिंग नवं, ॲपही बरं. दोष आहे तो छताच्या वर, दिव्यामागे लोंबणाऱ्या काडेपेटीएवढ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे घरातली वीज एलईडीला लागेल तशी करून देणाऱ्या डबीत. दिव्याच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की डिमरसोबत वापरू नका. खोकं वास्तुशांतीच्या आधीच रद्दीत गेलं.

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक एलईडी बल्ब आणि पॅनल डिमर चालणारे नसतात. म्हणून खरेदीची सुरुवात दिव्यापासून करायची, मग भिंतीतला बोर्ड बघायचा, मग डिमर. ॲप सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो.

(दृश्य: ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेची लाट. मग तिचा अर्धा भाग कापलेला.)

घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा, प्रत्येक १० मिलिसेकंदांची. डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापतो. लाटेचा पुढचा भाग कापला तर तो लीडिंग एज डिमर, यात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक खटका असतो. मागचा भाग कापला तर ट्रेलिंग एज, यात मॉसफेट हे दुसऱ्या प्रकारचे इलेक्ट्रॉनिक खटके असतात.

फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण दिवा निम्म्यावर आणला की काय होतं ते बघा. लीडिंग एज डिमर पाच मिलिसेकंद थांबून चालू होतो, आणि त्या क्षणी लाट अगदी शेंड्यावर, ३२५ व्होल्टवर असते. दिव्यातल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) हा दणका शून्यातून एकदम बसतो, सेकंदाला १०० वेळा. रात्री घर शांत झाल्यावर छतातून जी गुणगुण ऐकू येते ती याचीच. ट्रेलिंग एज डिमर लाट शून्यावर असताना चालू होतो आणि तिच्याबरोबर वर चढतो, त्यामुळे दणका बसत नाही. एलईडीसाठी ट्रेलिंग एजच घ्या. दोन्ही प्रकार निवडता येतील असा डिमर मिळाला तर उत्तमच. ज्या दिव्याच्या ड्रायव्हरवर 'फक्त ट्रायॅक डिमर' असं स्पष्ट लिहिलंय, त्याला मात्र लीडिंग एजच लागतो.

आता वॉटचं गणित. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घ्यायचा. ७ वॉटचा एलईडी घेतो जेमतेम ३०. ट्रायॅकला चालू राहायला ठरावीक करंट सतत वाहता लागतो, आणि एकटा एलईडी अगदी त्या काठावर असतो. करंट त्याखाली गेला की ट्रायॅक बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. यालाच आपण दिवा फडफडतो म्हणतो. डिमरच्या माहितीपत्रकात 'किमान लोड' शोधा. ४० वॉट लिहिलं असेल आणि तुमचे चार दिवे मिळून २८ वॉट होत असतील, तर तो डिमर परत ठेवा. कमाल आकडाही नीट वाचा. मोठ्या अक्षरातले ४०० वॉट बहुधा जुन्या बल्बसाठी असतात. एलईडीचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो, कारण चालू होताना एलईडीचे कपॅसिटर क्षणभर जबर करंट ओढतात.

(दृश्य: महाल भागातल्या जुन्या घराचा लाकडी बोर्ड, पियानो बटणं. मग नव्या फ्लॅटचा आठ मॉड्यूलचा (आठ बटणांच्या जागेचा) बोर्ड, प्लेट काढलेली.)

"भाऊ, इथं न्यूट्रल नाही." स्मार्ट डिमर बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनचं हे वाक्य नागपुरात नवं नाही. डिमरमधल्या रेडिओला आणि चिपला दिवा बंद असतानाही वीज लागते, म्हणून न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागतो. साधं बटण फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतं, त्यामुळे बटणांपुरत्या बोर्डात न्यूट्रल ओढलेलाच नसतो. पण आपल्याकडच्या बोर्डांची एक सोय आहे. बटणांच्या शेजारी बहुधा पाच पिनांचा सॉकेट असतो, आणि सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आहेच. बोर्ड उघडण्याआधी एवढं बघितलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

सॉकेट नसेल तर शेजारच्या खोलीच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून घेण्याचा मोह होतो. तो करू नका. दोन खोल्या दोन वेगळ्या आरसीसीबीवर (वीज गळताना दिसली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्यांवर) असतील तर दिवा लागताच आरसीसीबी पडेल. फेज एकीकडून जातोय, परत दुसरीकडून येतोय. त्याच्या हिशेबी ही गळतीच. एकाच आरसीसीबीवर असतील तर काही पडणार नाही, आणि ते जास्त वाईट. पुढे कुणी एक एमसीबी (एका सर्किटचा मुख्य खटका) पाडून निर्धास्तपणे काम करायला घेईल आणि त्या न्यूट्रलमधून करंट वाहत असेल.

न्यूट्रल न लागणारे डिमरही मिळतात. ते दिव्यातूनच थोडा करंट जाऊ देतात. त्यामुळे दिवा बंद केल्यावरही अंधारात मिणमिणत राहतो. यावर इलाज म्हणून दिव्याला समांतर 'बायपास' जोडतात. तो दिव्याजवळ, छताच्या पॉइंटमध्ये बसवायचा.

(दृश्य: मे महिना, दुपार. पश्चिमेची भिंत. खिडकीत कूलर, त्याचा प्लग दिव्यांच्याच बोर्डात.)

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. पश्चिमेच्या विटांच्या भिंतीत गाडलेल्या डब्यात रात्री दहालाही हवा गरम असते. डिमर स्वतःही तापतो, आणि एका डब्यात दोन शेजारीशेजारी बसवले की एकमेकांना तापवतात. तापमान हद्दीपलीकडे गेलं की चांगला डिमर स्वतःहून बंद पडतो. 'रात्री दिवे आपोआप जातात, अर्ध्या तासानं येतात' ही उन्हाळ्यातली तक्रार इथून येते. माहितीपत्रकातल्या एलईडी क्षमतेच्या ६० टक्क्यांपर्यंतच लोड ठेवा, आणि एका डब्यात दोन डिमर बसवायचे असतील तर मध्ये एक मॉड्यूल कोरं सोडा.

कूलरची वेगळीच गंमत. त्याची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं, बंद होताना लाइनमध्ये टोचणी येते. बिनडिमरच्या दिव्यात ते दिसतही नाही. पण २० टक्क्यांवर ठेवलेला दिवा लगेच डोळा मारतो. डिमर बदलून हे थांबणार नाही. कूलरचा प्लग दुसऱ्या सर्किटवर न्या. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडतात, त्यासाठी डिस्ट्रिब्यूशन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन (अचानक उसळलेलं व्होल्टेज अडवणारं यंत्र) बसवून घ्या. इलेक्ट्रॉनिक बटणं साध्या खटक्यांइतकी सोशिक नसतात.

इन्व्हर्टर तपासा. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर लाट गोलाईनं चढत नाही, पायरीसारखी उडी मारते. डिमरला शून्याचा क्षण नीट सापडत नाही आणि सगळी कापाकापी चुकते. दिवे थरथरतात, डिमर गरम होतो. डिमरवरचे दिवे इन्व्हर्टरवर ठेवायचे असतील तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच हवा.

(दृश्य: फॉल्स सीलिंगच्या कडेची पट्टी, मग पंखा, मग स्मार्ट बल्ब. झटपट.)

कोव्हमधल्या (फॉल्स सीलिंगच्या कडेच्या खाचेतल्या) एलईडी पट्टीला भिंतीवरचा डिमर नकोच. तिच्या एसएमपीएसच्या (२३० व्होल्टची वीज १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या डब्याच्या) आधी लाट कापली तर एसएमपीएस कुरकुरतो आणि लवकर मरतो. पट्टीचा कंट्रोलर एसएमपीएसच्या नंतर, डीसी बाजूला बसतो. ५ मीटर पट्टी, मीटरला १४.४ वॉट, म्हणजे ७२ वॉट. एसएमपीएस १०० वॉटचा घ्या. १२ व्होल्टवर ६ अँपिअर होतात, २४ व्होल्टवर ३. शेवटचा मीटर फिका पडू नये म्हणून २४ व्होल्टची पट्टी बरी.

स्मार्ट बल्ब आणि डिमर एकत्र कधीच नाही. आणि पंखा दिव्याच्या डिमरवर लावू नका. बीएलडीसी पंख्याच्या (ज्याच्या मोटरमध्ये स्वतःचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं) मागे तर कोणताच रेग्युलेटर नको.

मुलगा अमेरिकेत असेल तर सुटकेसमधून येणाऱ्या डिमरविषयी: तिथला माल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीचा असेल तर त्याची रेडिओ लहरही वेगळी, भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे. कितीही स्वस्त मिळाला तरी तो तिथेच राहू द्या.

वाय-फाय की झिग्बी ही स्मार्ट उपकरणांची दुसरी बिनतारी पद्धत? पाचसहा डिमरपर्यंत वाय-फाय पुरतं, राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळ्या नावानं ठेवलं की जोडणी सोपी जाते. घरभर करायचं असेल तर झिग्बी आणि हब (सगळ्या डिमरना जोडणारं मधलं यंत्र). न्यूट्रलवर चालणारे झिग्बी डिमर एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, म्हणून नऊ इंची भिंतींच्या घरात ते बरे. दोन्हींपैकी काहीही घ्या, दुकानातच एक चाचणी करा: राउटर बंद, आणि भिंतीवरचं बटण दाबा. दिवा लागला नाही तर तो डिमर घरात आणायचा नाही.

(दृश्य: बोर्ड उघडतोय. हात, टेस्टर, मल्टिमीटर. जवळून.)

बटणामागे बसणारं छोटं डिमर मॉड्यूल कसं जोडतात ते बघू. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा.

आधी त्या खोलीचा एमसीबी पाडायचा. मग इन्व्हर्टर बंद करायचा, कारण त्याचा फेज वेगळ्या तारेनं त्याच बोर्डात आलेला असतो आणि एमसीबी पाडून तो मरत नाही. एका डब्यात दोन फेज हे आपल्या घरांचं वैशिष्ट्य आहे, आणि अपघाताचं कारणही. टेस्टरनं प्रत्येक तार तपासायची. लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा म्हणजे अर्थ, हे नव्या वायरिंगचं. जुन्या घरात हातात जो रंग आला तो ओढलेला असतो. पुरवठा थोडा वेळ चालू करून मल्टिमीटरनं न्यूट्रलची खात्री करून घ्यायची: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एकदोन व्होल्ट. मग पुन्हा सगळं बंद.

मॉड्यूलवर एल लिहिलंय तिथे फेज, एन वर न्यूट्रल, ओ वर दिव्याकडे जाणारी तार. एस वर बटण. दिवा इन्व्हर्टरवर हवा असेल तर एल ला इन्व्हर्टरचाच फेज. जुना खटका काढून तिथे एक मॉड्यूलचं बेलपुश बसवा. दाबलं की चालू-बंद, दाबून धरलं की कमी-जास्त. पलंगाजवळ दुसरं बटण हवं असेल तर दुसरं बेलपुश याला समांतर. डबा लोखंडी असेल तर मॉड्यूलची अँटेनाची तार मागे दुमडून ठेवू नका, प्लास्टिक प्लेटच्या बाजूला काढा. नाहीतर राउटर पुढच्या खोलीत असूनही डिमर 'ऑफलाइन' दिसतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघायची. सैल तार डब्यात तापते.

(दृश्य: मोबाइलची स्लो मोशन फीत. दिव्यावर पट्टे सरकताना दिसतात.)

सगळे सहा दिवे बदलण्याआधी एक डिमेबल (डिमरवर चालणारा) दिवा आणि एक डिमर घेऊन आठवडाभर चालवा. जुने पॅनल ठेवून फक्त ड्रायव्हरही बदलता येतो. नवा ड्रायव्हर डिमेबल हवा, आणि त्यावर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा आणि व्होल्टची मर्यादा जुन्याशी जुळली पाहिजे, एवढंच बघायचं.

मग ॲपमध्ये किमान पातळी ठरवा. दिवा हळूहळू खाली आणा, फडफड सुरू होईल तिथे थांबा आणि पाच टक्के वर या. तिथून दिवा लागत नसेल तर 'स्टार्ट' पातळी थोडी वाढवा. स्लो मोशनमध्ये जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर अभ्यासाच्या टेबलावर नको. टक्क्यांवर फार विश्वास ठेवू नका. प्रकाश १० टक्क्यांवर आणला तरी डोळ्याला तो ३० टक्क्यांसारखा वाटतो. रंगाचंही तसंच. ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा मंद केला की बैठक राखाडी, आजारी दिसते. जुना बल्ब मंद होताना पिवळा व्हायचा, एलईडी होत नाही. मंद करायचा दिवा २७०० किंवा ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर, घ्या.

बिल वाचवायला डिमर घेत असाल तर हिशेब ऐका. ९ वॉटचा दिवा रोज पाच तास निम्म्यावर ठेवला तर महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही. उलट डिमर चोवीस तास अर्धा वॉट खातो. असे आठ लावले की महिन्याला जवळजवळ तीन युनिट नुसते जागं राहण्यात गेले. डिमर घ्यायचा तो डोळ्यांसाठी.

(दृश्य: रात्री तीन. अंधार. लाइन गेलेली. मग येते. घरातले सगळे दिवे एकदम पूर्ण लागतात. लहान मूल उठून बसतं.)

शेवटची सेटिंग 'लाइन आल्यावर काय', आणि नेमकी हीच बघायची राहून जाते. बेडरूममध्ये ती 'बंद' ठेवा, जिन्यात आणि बैठकीत 'आधी होतं तसं'. मग मेन स्विच पाडा, दहापर्यंत मोजा, परत चालू करा, आणि प्रत्येक खोलीत जाऊन बघा. इलेक्ट्रिशियन घरात असतानाच.