तीनपैकी दोन दिवे विझल्यावर

(दृश्य: रॅकमधले तीन सर्व्हर, हिरवे दिवे)

हे तीन कंट्रोल प्लेन नोड, म्हणजे क्युबरनेटिस क्लस्टर (ॲप चालवणारा सर्व्हरचा गट) सांभाळणारे सर्व्हर. तिन्हींवर ईटीसीडी हा डेटाबेस आहे. क्युबरनेटिसची सगळी स्मरणशक्ती त्यातच. एक वायर काढली. काही बिघडत नाही, तिघांत दोघांचं बहुमत शिल्लक आहे. आता दुसरी.

(दृश्य: टर्मिनल, शेजारी ब्राउझर)

नवा पॉड (ॲपचे कंटेनर चालवणारं सर्वात लहान एकक) मागितला, उत्तर नाही. ब्राउझरमधलं ॲप मात्र चालूच आहे, कारण कामाच्या नोडवरच्या क्युबलेटनं, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, आधीचे कंटेनर थांबवलेले नाहीत. म्हणूनच हा बिघाड उशिरा कळतो.

उरलेल्या नोडवरची ईटीसीडीची डीबी (डेटाबेस) फाइल सगळ्यात ताजी असते. हॅश तपासणी (फाइल अखंड आहे ना, ते पाहणं) वगळून तीही रिस्टोअर करता येते. सरावासाठी मात्र तिन्ही नोडवरचा डेटा निकामी झाला असं धरलं आहे. हाताशी आहे तो क्लस्टरबाहेर ठेवलेला रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे ईटीसीडीची प्रत.

(दृश्य: टर्मिनल, जवळून)

तिन्ही नोड परत चालू केले. आधी स्नॅपशॉटचं स्टेटस पाहायचं: हॅश, रिव्हिजन (प्रत्येक बदलागणिक वाढणारा क्रमांक), आकार. मग प्रत्येक नोडवर मॅनिफेस्ट फोल्डरमधल्या एपीआय सर्व्हर (क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणारा) आणि ईटीसीडीच्या यॅमल फाइल (त्यांच्या मांडणीच्या) बाहेर हलवायच्या. या फाइलींवरून क्युबलेट थेट चालवतो ते स्टॅटिक पॉड आपोआप थांबतात, पण लगेच नाही. थांबल्याची खात्री करूनच पुढे. जुनं डेटा फोल्डर पुसायचं नाही, नाव बदलून ठेवायचं.

आता स्नॅपशॉटची तीच एक फाइल तिन्ही नोडवर, नव्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करायची, प्रत्येकाचं आपलं नाव आणि २३८० पोर्टचा (ईटीसीडी एकमेकांशी बोलतात तो) पत्ता देऊन. एका नोडवर वेगळ्या वेळचा स्नॅपशॉट उतरवला, तर तिघांचा डेटा मुळातच वेगळा होतो.

रिस्टोअरच्या कमांडमधला हा लांबलचक आकडा म्हणजे १ अब्ज. रिव्हिजन तेवढी पुढे ढकलली आणि जुन्या कॉम्पॅक्ट झाल्याची (म्हणजे आता मिळणार नाहीत अशी) खूण केली, की कंट्रोलर (क्लस्टरवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम) आपल्या कॅशमधल्या शिळ्या माहितीवर विसंबत नाहीत. घाईत हाच पर्याय राहून जातो.

(दृश्य: दुसरी, कुलूपबंद डिस्क)

पीकेआय फोल्डर (क्लस्टरची प्रमाणपत्रं) आणि एन्क्रिप्शनची किल्ली इथे. स्नॅपशॉटबरोबर ठेवायची नाही, पण त्याच नेमानं जपायची. सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) एन्क्रिप्ट केलेले असतील, तर किल्लीशिवाय ते परत येतात, वाचता मात्र येत नाहीत.

यॅमल फाइल जागेवर. शेड्यूलर (पॉड कुठल्या नोडवर ते ठरवणारा), कंट्रोलर मॅनेजर, क्युबलेट रीस्टार्ट.

(दृश्य: नोड एकेक करून 'रेडी')

रात्रीनंतर क्लस्टरमध्ये केलेले बदल गेले. सावरायला लागणारा वेळ मोजणारं कोपऱ्यातलं घड्याळ अजून थांबवलेलं नाही: व्हॉल्यूममधला (ॲपच्या डिस्कवरचा) डेटा ईटीसीडीत नसतो, आणि वेलेरो या बॅकअप साधनाचा रिस्टोअर आता कुठे सुरू होतोय.